जहाज सुटतं, जखमी कामगार मागे राहतो

वालचंद हिराचंद हे नाव नाशिक जिल्ह्याला रावळगावमुळे घरचं आहे. मालेगाव तालुक्यातल्या माळरानावर त्यांनी ऊस उभा केला, साखर कारखाना काढला, आणि रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांवर इथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्याच वालचंदशेठनी नरोत्तम मोरारजी यांच्यासोबत 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्या वर्षी 5 एप्रिलला कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघालं, म्हणून आपण 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. एवढं शाळेत शिकवतात. पण अमेरिकेत गोदी कामगारांचे खटले लढवणारा प्रत्येक वकील सिंदियाचं नाव आजही घेतो, आणि ते एका अपघातामुळे घेतो, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सिंदियाच्या ‘जलराजन’ जहाजात गव्हाची पोती भरली जात होती. भरणारी माणसं जहाजाची नोकर नव्हती. माल चढवण्याचं काम जहाजमालकाने एका स्टिव्हेडोर कंपनीला दिलं होतं, माणसं तिची होती. विंच, म्हणजे दोराने माल वर-खाली करणारं यंत्र, मात्र जहाजाची होती. तिचा ब्रेक दोन दिवसांपासून नीट लागत नव्हता. पोत्यांनी भरलेलं लाकडी पॅलेट जिथे थांबायला हवं तिथे थांबत नव्हतं, तरी काम चालूच ठेवलं होतं. शेवटी एक पॅलेट आदळलं, पोती निसटली. फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठीत, सांडलेली पोती आवरायला माणसं लागली, तेव्हा वर अडकून राहिलेली पोती एका कामगाराच्या अंगावर कोसळली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1981 मध्ये निकाल लागला. जबाबदारी कुणाची? माणसं ठेकेदाराची, यंत्र जहाजाचं, हुकूम मुकादमाचा. न्यायालयाने त्याची उकल अशी केली. काम सुरू होण्याआधी जहाज आणि त्याची यंत्रसामग्री अशा स्थितीत ताब्यात दिली पाहिजे, की जाणकार ठेकेदाराला नेहमीची काळजी घेऊन तिथे सुरक्षित काम करता यावं. एखादा धोका सहज दिसणारा नसेल आणि जहाजाला तो ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवा असेल, तर तो सांगितला पाहिजे. जहाजाचा जो भाग जहाजाच्या माणसांच्या ताब्यात राहतो, तिथे त्यांनी काळजी घेतली पाहिजे. काम ठेकेदाराच्या हाती गेल्यावर मालकाने त्याच्या डोक्यावर उभं राहून देखरेख करावी, अशी अपेक्षा नाही. पण जहाजाची विंच बिघडली आहे आणि ठेकेदार ती तशीच रेटतो आहे, हे जहाजाला कळलं, तर गप्प बसता येणार नाही. मध्ये पडावंच लागेल. ‘जलराजन’च्या मालकाला हे माहीत होतं का, हे तपासायला न्यायालयाने खटला खाली परत पाठवला.

मला ही मांडणी न्याय्य वाटते, कारण ज्याच्या हातात जी गोष्ट आहे त्याच्याकडूनच तिचा हिशेब ती मागते. आणि तिच्याशी ताडून पाहिलं की आपल्या कायद्यातली उणीव लख्ख दिसते. जहाजावर जखमी झालेल्या कामगाराला ठेकेदाराकडून मिळणारी ठरीव भरपाई हा एक हक्क आहे. जहाजमालकाच्या हलगर्जीबद्दल त्याच्याविरुद्धचा दावा हा दुसरा. दोन्ही त्याला एकाच वेळी मिळायला हवेत, आणि दुसऱ्याची हमी जहाज बंदरात उभं आहे तोवरच घेतली गेली पाहिजे. भारतात आज पहिला हक्क तोकडा आहे, दुसरा कागदावर आहे, आणि एक धरला की दुसरा हातचा जातो.

समुद्रकिनारा नसलेल्या जिल्ह्यातून हे कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, पिंपळगावच्या पॅकहाउसमधून निघणारे रीफर, म्हणजे शीत कंटेनर कसारा घाट उतरून न्हावा शेव्याला जातात. हंगामात ही रांग रात्रभर चालते. आपण कंटेनरला सील लागेपर्यंत हिशेब ठेवतो: वजन, तापमान, कीटकनाशकांचा अहवाल, रंग, आकार. पुढे तो कुणाच्या हातांनी जहाजावर बांधला जातो, याचा विचार आपल्या कुठल्याच बैठकीत होत नाही. आणि हमालाच्या अंगमेहनतीचं मोल काय, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्याने मालक अनेक आणि हमाल एक अशा कामातही कुणीतरी जबाबदार असलंच पाहिजे, हे तत्त्व मान्य केलं. 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या लेव्हीवरून जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. त्या वादात कुणाची बाजू बरोबर, यात मी इथे शिरत नाही. पण पोतं उचलणाऱ्याचा भार कुणी सोसायचा, यावर तावातावाने बोलू शकणारा जिल्हा असेल तर तो हाच.

गोदीत कंटेनर आले आणि पोती वाहणं कमी झालं, म्हणून धोका गेला, असा एक समज आहे. कंटेनर जहाजावरचं लॅशिंगचं काम कसं चालतं ते पाहा. किनाऱ्यावरच्या क्रेनने कंटेनर उचलण्याआधी त्याला बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या सोडाव्या लागतात. माणसापेक्षा लांब, जड सळी. खालचा टर्नबकल पान्याने ढिला करायचा, सळीचं वरचं टोक कंटेनरच्या कोपऱ्यातून हिसकून काढायचं आणि ती अंगावर न येऊ देता खाली घ्यायची. दोन रांगांमधली जागा इतकी अरुंद, की सळी फिरवायला कोपर मोकळं होत नाही. पायाखालच्या पत्र्यावर ग्रीस, पावसाळ्यात पाणी. उभं राहायच्या फळीचा कठडा एखाद्या ठिकाणी गंजून गेलेला, शिडीची एखादी पायरी निखळलेली, रात्री कोपऱ्यातला दिवा बंद. क्रेन शेजारच्याच रांगेत चालू असते, कारण जहाज जितका वेळ धक्क्याला तितका खर्च.

आता यातलं काय कुणाचं, ते पाहू. माणसाला शिकवणं, हेल्मेट-बूट देणं, सलग दोन पाळ्यांना न जुंपणं, क्रेन चालू असताना शेजारच्या रांगेत माणूस न पाठवणं, हे ठेकेदाराचं काम. कठडा, शिडी, दिवा, सळ्या, टर्नबकल, जहाजावरची क्रेन असेल तर तिची दोरी आणि ब्रेक, हे जहाजाचं. ठेकेदार कितीही भला असला तरी परक्या जहाजाचा गंजलेला कठडा तो जोडून घेऊ शकत नाही. तो कठडा गेल्या बंदरातही तसाच होता आणि पुढच्या बंदरातही तसाच जाणार आहे. दुरुस्त करू शकेल असा माणूस एकच, जहाजमालक. त्याला तो दुरुस्त न करणं स्वस्त पडत असेल, तर कठडा दुरुस्त होणार नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी हीच साधी गोष्ट आहे.

फाळक्यातला धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. कोळसा, लाकडाचे ओंडके, लोखंडाचा किस असा माल बंद फाळक्यात हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. धान्याला धुरी दिलेली असेल तर फॉस्फिन वायू साचलेला असतो. माणूस शिडीने उतरतो आणि तळाशी पोचायच्या आत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. आत कुठला माल आहे, धुरी कधी दिली, झाकण कधी उघडलं, हे जहाजाच्या अधिकाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याने न सांगितलेली माहिती ठेकेदाराच्या मुकादमाला कुठून मिळणार?

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. 1923 चा कामगार भरपाई कायदा पहिल्यापासून जहाजाचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याला संरक्षण देत होता, तेही मालकाचा दोष सिद्ध न करता. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी 1986 चा स्वतंत्र कायदा होता, 1990 ची सविस्तर विनियमावली होती, क्रेन-विंचच्या चाचणीचे नियम होते, बंदरात निरीक्षक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे कायदे त्यांत विलीन झाले. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुकरकर्ता’ झाला आहे. केंद्राच्या कायद्यात कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी पूर्वी 20 माणसांपासून लागू होत, आता 50 पासून होतात. चाळीस माणसांची टोळी घेऊन बंदरात उतरणाऱ्या मुकादमाला याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

खरी गोम भरपाई कायद्याच्या एका पोटकलमात आहे. कलम 3 चं पोटकलम 5 म्हणत होतं, की कामगाराने इजेबद्दल मालकावर, म्हणजे त्याला कामावर ठेवणाऱ्यावर, किंवा अन्य कुणावर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला असेल तर त्याला या कायद्याखाली भरपाईचा हक्क नाही. आणि आयुक्ताकडे भरपाईचा अर्ज केला असेल तर मग त्या इजेबद्दल कोर्टात दावा चालणार नाही. ‘अन्य कुणावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठेकेदाराकडून ठरीव भरपाई घ्यायला गेलात की जहाजमालकाला कोर्टात खेचायची वाट बंद, शब्दशः वाचलं तर अर्थ असाच निघतो. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच उचलून ठेवली आहे. अमेरिकेने 1927 च्या कायद्यात आणि 1972 च्या दुरुस्तीत नेमकं उलटं केलं. कामगार ठेकेदाराकडून दोषाची चर्चा न करता भरपाई घेतो, त्या बदल्यात ठेकेदारावर दावा लावायचा हक्क सोडतो, पण जहाजाच्या हलगर्जीबद्दल जहाजावरचा दावा त्याच्याकडे शाबूत राहतो. तिथून पैसे मिळाले तर ठेकेदाराने आधी दिलेली रक्कम त्यातून वळती होते. दुहेरी पैसे कुणालाच मिळत नाहीत.

हात तुटलेल्या माणसाला आपण निवड करायला लावतो. इस्पितळाचं बिल डोक्यावर आहे, घरात धान्य नाही, तर तो काय निवडेल? जे लवकर मिळेल ते. आणि जे लवकर मिळतं ते किती, हे आकड्यांतच पाहू. भरपाई काढताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जातो. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची आहे, त्याआधी 8,000 होती. तीस वर्षांचा कामगार दगावला तर पगाराच्या निम्मे, म्हणजे 7,500 रुपये, गुणिले 207.98 हा वयाचा गुणक: 15,59,850 रुपये. प्रत्यक्षात तो 25,000 कमावत असला तरी एवढेच. चाळिशीतल्या माणसाचा पंजा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 60 टक्के गेली असं धरतात, आणि हिशेब दहा लाखांच्या आत संपतो. पुढची वीस वर्षं तो एका हाताने काय काम करणार, हा प्रश्न परिशिष्टात नाही.

हाच तीस वर्षांचा, 25,000 कमावणारा माणूस मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळ एखाद्या ट्रकखाली गेला असता तर? मोटार अपघात न्यायाधिकरण त्याचं खरं उत्पन्न विचारात घेतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांनी हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. वर्षाचे तीन लाख, त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के, बायको, दोन मुलं आणि आई अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, आणि 17 चा गुणक. रक्कम येते 53,55,000 रुपये, किरकोळ शीर्षकांची भर वेगळी. माणूस तोच, पोरकी झालेली मुलंही तीच. ट्रकने मारलं तर 53 लाख, जहाजाच्या क्रेनने मारलं तर साडेपंधरा. या तफावतीचं समर्थन मला अजून कुणी पटण्यासारखं केलेलं नाही. मोटारमालकाला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि ट्रकचा नंबर टिपता येतो, हे त्यामागचं कारण असेल, तर जहाजाचंही नाव पुढे-मागे रंगवलेलं असतं आणि विमाही असतो. भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांकडे सागरी दाव्यांचा विमा असावा असा नियम 2012 पासून आहे. जगातल्या सुमारे 90 टक्के जहाजवाहतुकीचा असा विमा पी अँड आय क्लब नावाच्या, जहाजमालकांनीच चालवलेल्या संस्था उतरवतात, आणि गोदी कामगाराची इजा ही त्यांच्या संरक्षणातली नेहमीची बाब आहे. म्हणजे पैसा ठेवलेला आहे. तो मागणारा माणूस तिथवर पोचत नाही.

का पोचत नाही, याचं उत्तर घड्याळात आहे. मोठं कंटेनर जहाज न्हावा शेव्याला एखादा दिवस थांबतं. अपघात झाला, माणूस इस्पितळात गेला, त्याची बायको गावाहून निघून पोचेपर्यंत जहाज अरबी समुद्रात असतं. मालक एका देशात नोंदलेला, झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, चालवणारी कंपनी तिसऱ्याच देशातली, भाड्याने घेणारा चौथा. यावर सागरी कायद्याने शतकांपूर्वी एक उपाय शोधून ठेवला आहे: दावा थेट जहाजावरच लावायचा आणि जहाज अडकवून ठेवायचं. हमी द्यायला मालक मग आपणहून पुढे येतो. परदेशी जहाजावरही आपली उच्च न्यायालयं असा हात टाकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्यात ठामपणे सांगितलं. तो वाद मालाचा होता. 2017 च्या नौअधिकरण कायद्याने हा अधिकार संहितेत आणला, आणि त्यात जहाजाच्या चलनवलनाशी थेट संबंध असलेला मृत्यू किंवा इजा, मग ती पाण्यावर होवो की जमिनीवर, हा दावा स्पष्ट शब्दांत घेतला. इतकंच नव्हे, जहाजावरच्या अग्रहक्काच्या उतरंडीत खलाशांच्या पगारानंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर, इजेचा दावा ठेवला. बंदराच्या शुल्काच्याही वर. कागदावर यापेक्षा चांगली जागा मागून मिळाली नसती.

पण हा दावा लावायचा उच्च न्यायालयात. भरपाईचा अर्ज मात्र कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तापुढे करता येतो. म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची विधवा नाशिकला अर्ज करू शकते. ही सोय फार मोलाची आहे. जहाज अडकवायला तिला मुंबईत सागरी कायद्याचा वकील हवा, तोही तासाभरात. शिवाय जहाज विनाकारण अडकवलं असं ठरलं तर नुकसान भरून देईन, अशी हमी न्यायालय तिच्याकडून मागू शकतं. मालाच्या व्यापाऱ्याला ही हमी म्हणजे धंद्यातली एक जोखीम. पाड्यावरच्या बाईला ती ऐकूनच घाम फुटेल. वर मुदत: जहाजावरचा हा अग्रहक्क एका वर्षात विझतो, खलाशांच्या पगाराला मात्र दोन वर्षं आहेत. प्लास्टर उतरून माणूस घरी बसता होईपर्यंतच वर्ष सरतं. आणि यातून निभावून तिने दावा लावलाच, तर भरपाईच्या अर्जावर ते पोटकलम आडवं येणार आहे.

म्हणून माझी पहिली मागणी कायद्याच्या पुस्तकातली नाही, बंदराच्या फाटकावरची आहे. बंदराचं शुल्क थकलं असेल तर जहाजाला सुटायची परवानगी द्यायची नाही, हे 1908 च्या बंदर कायद्यापासून चालत आलेलं आहे. 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा आला, तरी पैसे भरल्याशिवाय जहाज सोडायचं नाही ही बंदराची सवय काही बदललेली नाही. मग जहाजावर माणूस दगावला किंवा त्याला गंभीर इजा झाली, तर त्या जहाजाच्या विमा क्लबचं हमीपत्र बंदराकडे जमा झाल्याशिवाय जहाज सोडू नये, एवढंच मी म्हणतो. दोष ठरवायचा नाही, रक्कम ठरवायची नाही. दोष पुढे कोर्ट ठरवेल. फक्त ज्याच्याकडून घ्यायचं तो हाताशी राहील एवढी तजवीज. मालाच्या दाव्यांत क्लब अशी हमीपत्रं ईमेलने काही तासांत देतात, त्यामुळे जहाजाचा खोळंबा होईल ही भीती पोकळ आहे.

जहाजमालकांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण त्यातलं काही खरं आहे. ते म्हणतात, आम्ही जाणकार ठेकेदार नेमतो, पैसे मोजतो; त्याच्या चुकीचा दंड आम्हाला का? अमेरिकेत हे एकदा घडून गेलं आहे. 1946 च्या एका निकालाने जहाजमालकावर गोदी कामगारांबाबत जवळजवळ संपूर्ण जबाबदारी टाकली, जहाज कामाच्या लायकीचं नव्हतं एवढं दाखवलं की पुरे. मग 1956 मध्ये जहाजमालकांना तो भार ठेकेदारावर उलटवायची मुभा मिळाली. कामगार जहाजावर दावा लावणार, जहाज ठेकेदाराकडून वसूल करणार, आणि अपघात कमी व्हायच्या ऐवजी वकिलांची फी वाढणार, असं ते चक्र झालं. 1972 मध्ये संसदेने दोन्ही मोडीत काढलं, ठरीव भरपाई चांगली वाढवली आणि जहाजावरचा दावा हलगर्जीपुरता ठेवला. सिंदिया खटला याच दुरुस्तीचा अर्थ लावत होता. मी 1946 कडे परत जा म्हणत नाही. ठेकेदाराच्या चुकीचं ठेकेदाराने भरावं. जहाजाच्या कठड्याचं, ब्रेकचं, न सांगितलेल्या धुरीचं जहाजाने.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांकडून येईल: जहाजांवर बोजा वाढला की भाडं वाढेल, आणि ते शेवटी कांदा-द्राक्षवाल्याच्या माथी. निर्यातदाराची ही धास्ती मी हलकी मानत नाही. पण या जिल्ह्याच्या निर्यातीला गेल्या काही वर्षांत कशाने मारलं ते आठवा. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली 4 मे 2024 ला, आणि शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. त्याच काळात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपला जाणारी द्राक्षं जास्त दिवस पाण्यावर राहिली. या धक्क्यांपुढे कामगाराच्या इजेचा विमा, जो आधीच उतरवलेला आहे, कंटेनरमागे किती भर घालणार? आणि समजा, थोडी घातलीच. लंडनच्या दुकानात अर्धा किलो द्राक्षांची डबी ज्या भावाने विकली जाते, त्यात ती बांधून पाठवणाऱ्याच्या हाताची किंमत असायलाच हवी.

निर्यातदाराकडेही एक जबाबदारी येते, ती सांगितल्याशिवाय जहाजमालकाकडे बोट दाखवणं योग्य नाही. 1 जुलै 2016 पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जाहीर करणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे, आणि ते जाहीर करतो माल पाठवणारा. हा आकडा अंदाजाने लिहिला तर रचलेली थप्पी कलते, सळ्यांवर ताण येतो आणि तो ताण सोडायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर सळी उसळते. पॅकहाउसच्या काट्यावर कंटेनर न चढवता ‘नेहमीचंच वजन टाक’ म्हणणारा नाशिकचा माणूस त्या अपघातातला भागीदार असतो. द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रांत औषधांच्या अंशांवर जेवढं बोललं जातं, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी यावर बोललं जावं.

जगाचे नियम हळूहळू याच दिशेला सरकत आहेत. जहाजावरच्या क्रेन आणि विंचसारख्या उचल-यंत्रांची रचना, चाचणी आणि देखभाल यांचे नियम समुद्रसुरक्षेच्या मुख्य आंतरराष्ट्रीय करारात, सोलासमध्ये, 1 जानेवारी 2026 पासून आले. ‘जलराजन’च्या ब्रेकनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. यामुळे कामगाराच्या वकिलाला एक ठोस साधन मिळालं आहे: जहाजाकडे चाचणीची नोंद असायलाच हवी, नसेल तर हलगर्जी दाखवायला फार लांब जायला नको. मात्र ही नोंद काम सुरू होण्याआधी मागून ठेवावी लागते. धक्क्यावर काम हाती घेताना जहाजाचा अधिकारी आणि ठेकेदाराचा माणूस दोघांच्या सहीचा एक कागद व्हावा. शिड्या, कठडे, दिवे, यंत्रांची चाचणी, फाळक्यातली हवा, धुरीची तारीख, सगळं त्यावर. त्याची एक प्रत बंदराकडे आणि एक मराठी-हिंदीत टोळीच्या मुकादमाकडे राहावी. ट्रान्सपोर्टवाला गाडी ताब्यात देताना टायरपर्यंत लिहून घेतो. अख्खं जहाज ताब्यात घेताना तेवढंही लिहून घेऊ नये?

हे आता लिहिण्याचं कारण वाढवण. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या 76,220 कोटींच्या बंदरात नऊ कंटेनर टर्मिनल होणार आहेत. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आणि त्यांच्या पोटापाण्याचे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि बंदर झालं म्हणून ते आपोआप सुटणारही नाहीत. पण बंदर उभं राहिलं, तर इगतपुरीला जोडणाऱ्या महामार्गाचा बेत आहेच, आणि नाशिकचा माल न्हावा शेव्याऐवजी तिकडे वळेल. माणसंही वळतील. पेठ, सुरगाणा, हरसूल, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरची पोरं आज दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणीला, डिपिंगला टोळ्यांनी येतात. उद्या तोच मुकादम त्यांना लॅशिंगला नेईल. ज्यांनी कधी जहाज पाहिलेलं नाही अशी विशी-बाविशीची मुलं रात्रीच्या पाळीत ओल्या पत्र्यावर सळ्या सोडायला उभी राहतील, आणि अपघाताचा अर्ज नाशिकच्या कामगार न्यायालयात येईल, कारण घर इथे आहे.

भरपाईच्या पोटकलमातला ‘अन्य कुणावर’ हा भाग काढून टाकायला संसद लागेल. पगाराची 15,000 ची मर्यादा वाढवायला केंद्राची अधिसूचना पुरे. अग्रहक्काची एक वर्षाची मुदत खलाशांप्रमाणे दोन वर्षं करायला पुन्हा संसद. यासाठी नाशिक, दिंडोरी, धुळे आणि पालघरच्या खासदारांना प्रश्न विचारावे लागतील, आणि ते विचारणं आपल्याला नवं नाही. 2018 मध्ये या शहरातून निघालेले शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले होते. वाढवणचं काम मात्र वेगळं आहे. त्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के, म्हणजे मालकी पूर्ण सरकारी. टर्मिनल चालवायला देण्याच्या करारांत काय अटी घालायच्या हे त्यांच्याच हातात आहे. गंभीर अपघातानंतर विमा क्लबच्या हमीपत्राशिवाय जहाज सोडायचं नाही, आणि सहीच्या ताबा-कागदाशिवाय एकाही टोळीला जहाजावर चढवायचं नाही, या दोन अटी करारात घालायला नवा कायदा लागत नाही. मंडळ राज्याचं आहे, त्यामुळे हा प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनातही विचारता येईल. जिल्ह्यातल्या पंधरा आमदारांपैकी कुणी तो विचारणार असेल, तर त्याच्यासाठी टिपण तयार करून द्यायला मी आणि माझे वकील मित्र बसायला तयार आहोत.